मागच्या बाजूचं गाणं

तुमच्या घरात एखादी जुनी कॅसेट अजून शिल्लक आहे का? माळ्यावरच्या ट्रंकेत, शिवणयंत्राच्या खणात, नाहीतर गाडीच्या डिकीत विसरलेली? असेल तर काढून बघा. एका बाजूला ‘ए’ छापलेलं असेल, दुसऱ्या बाजूला ‘बी’. घरातल्या लहान मुलांना दाखवलंत तर ती विचारतील, दोन बाजू कशाला? माझ्या मुलाने विचारलंच. तो सतरा वर्षांचा आहे, नोएडात वाढला, आणि गाणं ही फोनमधून येणारी गोष्ट आहे असंच त्याला वाटतं. फोनला मागची बाजू असते, पण तिथे कव्हर असतं.

त्याला समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की माझी बरीचशी आवडती गाणी मागच्या बाजूची आहेत.

आधी थोडं तांत्रिक. कॅसेटच्या आधी तबकड्या होत्या हे तुम्हाला ठाऊक आहेच. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांवर एकाच बाजूला गाणं असायचं. ओडिऑन या जर्मन कंपनीने १९०४ च्या सुमारास दोन्ही बाजूंना गाणी छापायला सुरुवात केली. पुढे १९४९ साली अमेरिकेत सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी आली आणि ‘सिंगल’ हा प्रकार रुळला. पुढच्या बाजूला कंपनीला जे गाणं गाजवायचं आहे ते. रेडिओवाल्यांना तेच वाजवायला सांगायचं, जाहिरात त्याचीच करायची. पण तबकडीला दुसरी बाजू असतेच आणि ती कोरी सोडता येत नाही. म्हणून तिथे काहीतरी टाकायचं. आमच्याकडे दिल्लीत भाजीवाला सगळी भाजी तोलून झाल्यावर पिशवीत मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या टाकतो ना, तसंच. पैसे भाजीचे, धनिया-मिर्च फुकट.

गंमत अशी की कित्येकदा घरी आल्यावर त्या कोथिंबिरीचाच वास आधी येतो.

बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. रॉक संगीत जगभर पसरवणारं गाणं म्हणून त्याचं नाव घेतात. १९५४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला त्याचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा स्टुडिओतला बहुतेक वेळ ‘थर्टीन विमेन’ नावाच्या दुसऱ्याच गाण्यावर गेला होता. कंपनीचा भरवसा त्या गाण्यावर. उरलेल्या थोड्या वेळात घाईघाईने हे उरकलं आणि तबकडीच्या मागच्या बाजूला लावलं. पुढच्या वर्षी एका सिनेमाच्या सुरुवातीला ते वाजलं आणि मग पुढच्या बाजूचं गाणं कोणतं होतं हे कुणाला आठवेना.

अजून एक उदाहरण. कोटला स्टेडियमवर, म्हणजे आताच्या अरुण जेटली स्टेडियमवर, कधी मॅच बघायला गेला असाल तर ‘धप धप टाळी, धप धप टाळी’ हा ताल तुम्ही नक्की धरला असेल. क्वीन या बँडचं ‘वी विल रॉक यू’. १९७७ साली ते ‘वी आर द चॅम्पियन्स’ या गाण्याच्या मागच्या बाजूला आलं होतं. ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ हेही मुळात मागच्या बाजूचंच. डिस्कोतल्या रेकॉर्ड वाजवणाऱ्यांनी तबकडी उलटी केली आणि लोक नाचायला लागले.

म्हणजे मागच्या बाजूचं गाणं वाईट असतं म्हणून मागे जातं, असं काही नाही. निवड कुणीतरी ऑफिसात बसून केलेली असते. घरातल्या एखाद्या हुशार पण मुखदुर्बळ भावंडासारखं हे. पाहुण्यांपुढे दुसऱ्यालाच म्हणायला लावतात, ‘बाळ, ती कविता म्हणून दाखव बरं.’

आणि पैशाचं म्हणाल, तर तिथे मागची बाजू अजिबात मागे नव्हती. तबकडी विकली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखेच पैसे मिळायचे. १९७५ मध्ये क्वीनचंच ‘बोहेमियन रॅप्सडी’ आलं. गाणं फ्रेडी मर्क्युरीचं. मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरने आपलं गाणं लावून घेतलं, गाडीवरच्या प्रेमाचं. लोकांनी तबकडी घेतली फ्रेडीसाठी, पण प्रत्येक तबकडीमागे टेलरलाही तेवढेच पैसे. यावरून बँडमध्ये बरीच धुसफूस झाली म्हणतात. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

बीटल्सची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९६६ साली त्यांनी ‘पेपरबॅक रायटर’च्या मागे ‘रेन’ नावाचं गाणं लावलं. त्याच्या शेवटी गाणाऱ्याचा आवाज उलटा ऐकू येतो, म्हणजे टेप उलटी फिरवून तो तुकडा तसाच ठेवून दिला आहे. पुढच्या बाजूला असला खेळ करायला हिंमत लागते, कारण तिथे सगळ्यांचं लक्ष असतं. मागे कोण बघतंय! तिथे चुकलं तर चुकलं. मागच्या बाजूच्या गाण्यांची गोडी मला यातच वाटते. त्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षा नसते, म्हणून ती मोकळी असतात. थोडी वेंधळी, कधी लांबलेली. एखादं गाणं मधेच कंटाळून संपवल्यासारखं वाटतं. सगळीच चांगली असतात असं मी म्हणणार नाही. शंभरातली साठ-सत्तर खरंच मागे टाकण्याच्या लायकीची असतात.

आता तुम्ही म्हणाल, दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमधल्या मराठी मुलीचा आणि इंग्रजी बँडच्या मागच्या बाजूचा संबंध काय?

आमच्या घरी आधी बाबांच्या तबकड्या होत्या, पुण्याहून येताना आणलेल्या. नाट्यपदं आणि भावगीतं. त्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. नाटकात ज्या पदाला ‘वन्स मोअर’ घेत घेत रात्र सरायची, ते पद तीन मिनिटांत बसवलेलं. त्यामुळे दर तीन मिनिटांनी कुणीतरी उठून तबकडी उलटी करायला लागायची आणि ते काम धाकटी म्हणून माझ्याकडे. बाबा म्हणायचे, “उठलीच आहेस तर दुसरी बाजू लाव.” एक बाजू ऐकून तबकडी ठेवून देणं त्यांना अर्धं ताट टाकून उठल्यासारखं वाटायचं. पिन झिजली की ते चांदणी चौकातल्या न्यू ग्रामोफोन हाउसमध्ये जायचे. मी सोबत जायचे, कारण परतताना जिलबी असायची.

मग कॅसेट आली. कॅसेटच्या बाबतीत आपली दिल्ली आणि नोएडा काही साधी ठिकाणं नव्हेत. गुलशन कुमार यांचं घराणं दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचं दुकान चालवायचं आणि तिथून टी-सीरीज उभी राहिली. नोएडात तिचा व्याप वाढला आणि कॅसेट इतकी स्वस्त झाली की पानाच्या टपरीवरही मिळायला लागली. सिनेमाच्या कॅसेटमध्ये तर बऱ्याचदा एका बाजूला एक सिनेमा, दुसऱ्या बाजूला दुसरा. आपण हव्या त्या सिनेमासाठी घ्यायची आणि दुसरा सिनेमा आपोआप पाठ व्हायचा. तुमच्याही घरी असं झालं असेल. न पाहिलेल्या सिनेमाची सगळी गाणी पाठ असणं ही आमच्या पिढीची खास ओळख.

विलायती सिंगल मात्र आपल्याकडे सहसा मिळायचं नाही. दुकानात अल्बमच्या कॅसेट असायच्या. सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी बहुधा अल्बमवर नसत, त्यामुळे ती इथे पोचायला वशिला लागायचा. कुणाचा तरी चुलतभाऊ लंडनहून सीडी आणायचा, मग त्यावरून कॅसेट भरली जायची आणि त्या कॅसेटवरून आणखी पाच. पालिका बाजारात यादी दिली की कॅसेट भरून देणारेही होते. पाचव्या कॅसेटपर्यंत गाण्याइतकीच खरखर ऐकू यायची.

१९९६ साली दादा कॉलेजला होता आणि मी दहावीत. त्याच्या मित्राकडे ओएसिस या इंग्रजी बँडची तीन सिंगल्स आली. दादाने मला ९० मिनिटांची एक कॅसेट भरून दिली. “ए बाजू तुझी, बी बाजू माझी,” तो म्हणाला. ए बाजूला मी सांगितलेली ‘रंगीला’ आणि ‘दिलवाले दुल्हनिया’ची गाणी. बी बाजूला त्याची आवड, आणि तीही सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी. म्हणजे मागच्या बाजूची मागची बाजू.

मला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. पण वॉकमन ज्यांनी वापरला आहे त्यांना हे गणित आठवेल. ए बाजू संपली की पुन्हा पहिल्यापासून ऐकायला कॅसेट मागे फिरवायला लागायची आणि त्यात सेल भराभर संपायचे. सेल महाग. पेन्सिल घालून हाताने फिरवायचा कंटाळा. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॅसेट उलटी करून दुसरी बाजू पूर्ण वाजू द्यायची. ती संपली की ए बाजू आपोआप सुरुवातीला आलेली असते. दिल्लीच्या उन्हाळ्यात, लाइट गेलेली, कूलर बंद, गच्चीवर पाणी मारून चटई टाकलेली, आणि मी सेल वाचवण्यासाठी पंचेचाळीस मिनिटं दादाची गाणी सहन करते आहे.

पहिले आठ-दहा दिवस सहन केली. पुढे कधीतरी ए बाजू मी लवकर संपायची वाट पाहायला लागले.

त्यात एक गाणं होतं ‘ॲक्वीएस’. १९९५ च्या ‘सम माइट से’ या सिंगलच्या मागे आलेलं. पुढच्या बाजूचं गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, ओएसिसचं पहिलंच. पण मला विचाराल तर मागचंच भारी. हा बँड दोन भावांचा. धाकटा लियम गातो, थोरला नोएल गाणी लिहितो आणि अधूनमधून गातो. या गाण्यात दोघं गातात. धाकटा कडवं म्हणतो, ध्रुवपदाला थोरला येतो. ‘हाफ द वर्ल्ड अवे’ हे दुसरं, १९९४ च्या ‘व्हॉटेव्हर’ या सिंगलच्या मागचं. त्यात जवळजवळ नुसती गिटार आणि थोरल्याचा दमलेला आवाज. आणि सगळ्यात शेवटी ‘द मास्टरप्लॅन’, ‘वंडरवॉल’च्या मागचं. हे पाच मिनिटांहून मोठं, आणि दादाच्या कॅसेटवर तेवढी जागा उरलेली नव्हती. ते निम्म्यावर आलं की खटकन बटण वर यायचं. दोन वर्षं माझ्यासाठी ते गाणं तिथेच संपत होतं. १९९८ मध्ये या मागच्या बाजूच्या गाण्यांचाच एक अल्बम आला, नाव ‘द मास्टरप्लॅन’. तेव्हा पुढचं ऐकलं. खरं सांगू? अजूनही तो पुढचा भाग मला दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्यासारखा वाटतो.

एवढी चांगली गाणी मागच्या बाजूंना लावून टाकली म्हणून १९९७ चा त्यांचा तिसरा अल्बम फिका पडला, असं त्यांचे बरेच चाहते म्हणतात. ती राखून ठेवली असती तर? मला उधळेपणाच आवडतो. जे हातात आहे ते आजच वाढायचं, पुढच्या पंगतीचं पुढे बघू.

दिल्लीच्या आपल्या बँडकडे तबकड्याच नव्हत्या, तर मागची बाजू कुठून येणार? पण वृत्ती तीच होती. १९९१ साली सुरू झालेल्या परिक्रमाने कित्येक वर्षं अल्बम काढलाच नाही, गाणी इंटरनेटवर फुकट ठेवून दिली. ज्याला हवी त्याने घ्यावीत. कॉलेजच्या फेस्टमध्ये त्यांची गाणी मुलं तोंडपाठ म्हणायची आणि त्यातलं एकही दुकानात मिळायचं नाही. इंडियन ओशनचंही असंच. ‘कंदिसा’ गाजल्यावर दहा वर्षांनी, २०१० मध्ये, त्यांनी ‘१६/३३० खजूर रोड’मधली गाणी दर महिन्याला एक अशी फुकट द्यायला सुरुवात केली. करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते सराव करायचे, त्याचा हा पत्ता. गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. ही गाणी ऐकताना त्यांचा आवाज असतो, आणि तो माणूस मात्र गाणी बाहेर पडताना बघायला नव्हता. मी ती महिन्याच्या महिन्याला उतरवून घ्यायची आणि दादाला पेन ड्राइव्हमध्ये भरून द्यायची. तेव्हा तो पुण्याला गेला होता, पण सणावारी दिल्लीला यायचा.

मग ते येणं थांबलं. बाबा गेले, पाठोपाठ आई, आणि द्वारकेतला फ्लॅट विकायचा की ठेवायचा यावरून आमच्यात जे झालं ते बऱ्याच घरांत होतं. त्याचा हिशेब इथे मांडत नाही. वकिलापर्यंत गेलं नाही एवढंच. दोन वर्षं आमचं बोलणं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांच्या चित्रासोबत ‘शुभ सकाळ’ आणि वाढदिवसाचा केक, एवढ्यावर आलं होतं. राखी कुरिअरने जायची. पोचल्याचा निरोप वहिनीकडून.

ओएसिसच्या भावांचंही २००९ मध्ये पॅरिसला फाटलं, कार्यक्रमाला काही मिनिटं उरली असताना. बँड तिथेच संपला. सोळा वर्षं दोघं एका मंचावर आले नाहीत. २०२५ च्या ४ जुलैला ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात ते पुन्हा एकत्र उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी फोनवर त्याची झलक बघत होते. दुसऱ्याच गाण्याला त्यांनी ‘ॲक्वीएस’ घेतलं. भरलेलं स्टेडियम, धाकट्याने कडवं म्हटलं आणि ध्रुवपदाला थोरला आला. त्या रात्रीच्या यादीत मागच्या बाजूची पाच गाणी होती. मी मोजली. ‘फेड अवे’, ‘टॉक टुनाइट’, ‘हाफ द वर्ल्ड अवे’ आणि शेवटाकडे ‘द मास्टरप्लॅन’ही. ज्या गाण्यांची जाहिरात कधी झाली नाही ती हजारो माणसं शब्दन्‌शब्द म्हणत होती. ती सगळ्यांपर्यंत कशी पोचली असतील? कुठल्या कुठल्या दादांनी भरून दिलेल्या कॅसेटवरूनच ना?

ग्रुपवर न टाकता मी ती झलक दादाला वेगळी पाठवली. खाली काही लिहिलं नाही. काय लिहिणार?

वीस मिनिटांनी उत्तर आलं. “बी बाजू.”

थोड्या वेळाने आणखी एक. “ती कॅसेट आहे का गं?”

आहे. घर रिकामं करताना मी घेतलेल्या मोजक्या वस्तूंत ती होती. मी फोटो काढून पाठवला. त्याच्या तेव्हाच्या तिरक्या अक्षरात गाण्यांची नावं, आणि ‘मास्टरप्लॅन’पुढे कंसात लिहिलेलं ‘अर्धं’. मग त्याचा फोनच आला. बऱ्याच वेळ आम्ही फ्लॅटबद्दल काही बोललो नाही. मी विचारलं, जागा नाही हे माहीत होतं तर ते गाणं घातलंस कशाला? तो म्हणाला, “अगं, तीन मिनिटांची टेप उरली होती. कोरी कशी सोडायची?”

मुलगा शेजारी बसून ऐकत होता. त्याने त्याच्या फोनवर ‘द मास्टरप्लॅन’ लावलं, पूर्ण ऐकलं, आणि आवडलं असं काही म्हणाला नाही. त्याला ‘हाफ द वर्ल्ड अवे’ आवडलं. आता ते तो गिटारवर बसवतो आहे, आणि रोज रात्री भिंतीपलीकडून तोच एक कॉर्ड चुकलेला ऐकू येतो.

कॅसेट माझ्याकडे आहे पण वाजवायला घरात काही नाही. बाबांचा टू-इन-वन वाटणीत दादाकडे गेला. या दिवाळीला आम्ही पुण्याला जातो आहोत, तिकिटं काढून झाली. टू-इन-वनचा रबरी पट्टा सैल झाला होता, कॅसेट लावली की आवाज घोगरा यायचा. काल दादाचा निरोप आला. पट्टा मिळाला आहे, रविवारी बसवतो.